खरखरीसकट

संगीत ऐकणाऱ्यांतही उतरंड असते. सगळ्यांत वर विलंबित एकतालातला बडा ख्याल डोळे मिटून ऐकणारे. त्यातही तंबोरे जुळत असतानाच ज्याची मान हलू लागते, त्याचा अधिकार आणखी वरचा. त्याखाली द्रुत आणि तराण्यावर खूश होणारे. आणि अगदी तळाला, लोक चपला काढतात त्या बाजूला, आम्ही: ठुमरी, दादरा, होरी, टप्पा, नाट्यपद आणि पेटीवरची धून यांवर भागवणारे. त्यातून मला ओढ जुन्या रेकॉर्डींची. म्हणजे गाणं हलकं, कलावंत विस्मरणात गेलेला आणि वर खरखर. जाणकारांच्या घोळक्यात ही आवड बोलून दाखवली की समोरचा क्षणभर थांबतो आणि ‘हो, तेही ऐकावं अधूनमधून’ असं अत्यंत दयाळूपणे म्हणतो.

मला त्याचं वाईट वाटत नाही. कारण बुवा पाऊण तास दरबारी गातात तेव्हा हेच जाणकार दोनदा घड्याळ बघताना मी पाहिले आहेत, आणि भैरवीसाठी शेवटची लोकल सोडतानाही पाहिले आहेत. बरं, ज्यांच्या नावानं ही मंडळी कानाला हात लावतात, त्या थोरांनीच ही ‘हलकी’ गाणी जीव ओतून म्हटली आहेत. आग्रा घराण्याचे फैयाझ खाँ नोमतोम जितक्या रुबाबात करत, तितक्याच प्रेमानं दादरा म्हणत. हलकेपणाचा शिक्का मारायचं काम ऐकणाऱ्यांनीच केलं.

रेकॉर्डचं तंत्रही या गाण्याच्या बाजूचं होतं. 78 आरपीएमच्या दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, सव्वातीन म्हणजे डोक्यावरून पाणी. एवढ्यात बडा ख्याल काय गाणार? कित्येक गवयांनी अस्ताई-अंतरा उरकून, चार ताना टाकून ती जागा कशीबशी भरली, आणि त्या रेकॉर्डी ऐकताना आजही आपल्यालाच धाप लागते. ठुमरी-दादऱ्याचं तसं नाही. ते तीन मिनिटांत ऐसपैस बसतं. गॅसवर चहाचं आधण ठेवावं आणि एक दादरा लावावा, दोन्ही बरोबर होतात.

अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी घ्या. हिची सैगलांनाही भूल पडली होती आणि त्यांनी ती ‘देवदास’मध्ये म्हटली. खाँसाहेबांच्या रेकॉर्डवर आधी खरखर येते, मग पेटी, आणि प्रस्तावना वगैरे काही न करता खाँसाहेब एकदम सुरात. आवाज बारीक, किंचित नाकातला. पहिल्यांदा ऐकणारा हमखास विचारतो, ‘हे गातंय कोण, बाई का बुवा?’ ते मुखड्याच्या त्याच त्या दोन-तीन शब्दांवर परत परत येतात, पण दर खेपेला वेगळ्या पायरीवरून. कधी खालून सरकत, कधी वरच्या षड्जाला नुसता स्पर्श करून. तान जवळजवळ नाहीच. सूर लावतात आणि तो सूर जिथे ठेवतात तिथून हलत नाही. किराणा घराण्याचे हे मूळ पुरुष, 1937 साली गेले. मिरजेला त्यांच्या पुण्यतिथीला अजून गाणं होतं. त्यांनी आयुष्यभर केलेल्या रियाजाचा अर्क मला कुठे सापडत असेल तर तो या तीन मिनिटांत, आणि ही ठुमरी आहे, ख्याल नव्हे, हे मी जाणकारांना हळू आवाजात सांगतो.

गौहरजानची गंमत निराळी. 1902 च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला, तेव्हा तिनं त्याच्यासाठी पहिल्या रेकॉर्डी गायल्या. मायक्रोफोन यायला अजून वीसेक वर्षं होती. भल्या मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि त्या आवाजानं पलीकडची सुई मेणावर रेघ ओढायची. म्हणून तेव्हाच्या बायका एवढ्या वरच्या पट्टीत, एवढ्या ठणठणीत गातात. कुजबुज मेणावर उमटायची नाही. गाणं रंगतं, शेवटची सम येते आणि आपण ‘वा’ म्हणायला तोंड उघडावं तोच गौहरजान, कंडक्टरनं पुढचा थांबा ओरडावा तशी, इंग्रजीत आपलं नाव सांगून मोकळी होते. यात मिरवणं वगैरे नव्हतं, निदान सगळं मिरवणं नव्हतं. मेणाच्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, आणि तिथल्या कारागिराला ही गौहर की आणखी कोणी जान हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. ठुमरीतल्या विरहिणीच्या डोळ्यांतलं पाणी खळायच्या आत ही घोषणा होते. मला ती इतकी आवडते की ती कापून ‘स्वच्छ’ केलेली आवृत्ती मी ऐकत नाही.

वेगाची भानगड तर विचारू नका. त्या काळच्या सगळ्या रेकॉर्डी काही नेमक्या 78 च्या वेगानं भरलेल्या नसत. त्यामुळे अमुक बाई काळी चारमध्ये गात होत्या की काळी पाचमध्ये, यावर संग्राहकांचे कडाक्याचे वाद होतात आणि दोन्ही पक्ष आपापल्या यंत्रावर आपापला पुरावा वाजवून दाखवतात. चावीच्या ग्रामोफोनवर तर गाणं चालू असताना स्प्रिंग उतरू लागली की हिराबाई बडोदेकरांचा सूर घरंगळत खाली यायचा, आणि कोणीतरी धावत जाऊन चावी दिली की हिराबाई पुन्हा वर. गायकी कळो न कळो, घरातल्या पोरांना हा प्रकार फार आवडायचा.

पण ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या बाई वेगळ्याच. पुण्याच्या सुंदराबाई. 1919 साली ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं, तेव्हा गडकरी जाऊन महिना झाला नव्हता. पदं वि. सी. गुर्जरांची आणि सिंधू बालगंधर्वांची, हे आपल्याला पाठ असतं. पण त्यातल्या कित्येक चाली सुंदराबाईंकडून आलेल्या, त्यांच्या ठुमरी-दादरा-गझलांच्या पोतडीतून निघालेल्या, हे नाव घेऊन सांगणारा माणूस विरळा. ज्या पदांवर रात्र-रात्र वन्समोर पडले, त्यांचं मूळ एका कोठीवाल्या गाण्यात आहे, हे सोज्वळ प्रेक्षकाला त्या काळी पचलं नसतं आणि पुढे विसरून जाणं सोयीचं पडलं. ज्यांनी शांतारामबापूंचा ‘माणूस’ पाहिला आहे, त्यांनी सुंदराबाईंना पाहिलं आहे; त्यात गणपत हवालदाराची आई त्यांनीच केली. त्यांची लावणी किंवा गझल रेकॉर्डवर ऐका. शब्द कसा फेकावा, कुठे दाबावा, कुठे नुसता सोडून द्यावा, याचा तो पाठ आहे. बालगंधर्वांनी कान कुठे दिला होता ते लगेच कळतं. बालगंधर्वांचं मोठेपण त्यानं तसूभर कमी होत नाही. सुंदराबाईंचं मात्र हातभर वाढतं.

पेटीची कथाही अशीच. 1940 साली आकाशवाणीनं हार्मोनियमला दाराबाहेर काढलं, ते सुमारे तीस वर्षं. तिला मींड जमत नाही, तिच्या श्रुती बसत नाहीत, वाद्य परदेशी, असे आरोप होते, आणि ते अगदीच खोटे नव्हते. पण बाजारात पी. मधुकर यांच्या पेटीच्या रेकॉर्डी होत्या आणि लोक त्या घेत होते. पुढे गोविंदराव पटवर्धनांनी पेटीवर नाट्यपदं अशी वाजवली की ऐकणारा मनातल्या मनात शब्द लावत जातो आणि अंतऱ्याला आपण गुणगुणतोय हे त्याला शेजारच्यानं ढोसल्यावर कळतं. श्रुतींचं काय झालं, हे त्या वेळी कोणी विचारत नाही.

मालिनी राजूरकरांचा टप्पा सांगायचा राहिलाच. सांगत नाही. तो सांगण्यापेक्षा ऐकायला कमी वेळ लागतो.

खरखरीला नाकं मुरडणाऱ्यांना मी भास्करबुवा बखल्यांची आठवण करून देतो. ‘स्वयंवर’च्या चाली त्यांच्या, बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव त्यांचे शिष्य, 1922 साली बुवा गेले आणि त्यांच्या गाण्याची एकही रेकॉर्ड मागे नाही. आपल्याकडे त्यांच्या गाण्याच्या फक्त आठवणी आहेत, त्याही आता तिसऱ्या-चौथ्या तोंडच्या. खरखर नसलेलं गाणं हवं असेल तर ते हे.

तेव्हा विनंती एवढीच. कोकणातल्या घराच्या माळ्यावर, आत्याच्या ट्रंकेत, कुठे काळ्या जड तबकड्यांची चळत निघाली तर ती भंगारवाल्याला देऊन टाकू नका. लेबलावरचं नाव ओळखीचं नसेल तर मुळीच नको. पुण्याच्या जुन्या बाजारात अशा तबकड्या शोधत हिंडणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कोणाला दाखवा, तो आनंदानं वाजवून देईल आणि उतरवूनही देईल. तोवर त्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. उन्हात टाकू नका, वाकतात. धूळ मऊ, कोरड्या फडक्यानं झटका. आणि कोणी कितीही हुशारीनं सांगितलं तरी स्पिरिटचा बोळा लावू नका. या रेकॉर्डी लाखेच्या असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते.