पाऊस, बूट आणि बाजीप्रभू

पन्हाळा ते पावनखिंड ही सुमारे पन्नास किलोमीटरची पदभ्रमंती दरवर्षी जुलैत निघते, कारण १६६० साली शिवाजी महाराज पन्हाळ्याला पडलेल्या आदिलशाही सरदार सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले ते याच महिन्यात. इतिहासाशी इमान राखायचे तर पाऊसही तोच हवा. तो मिळतो, या बाबतीत आयोजकांवर फसवणुकीचा आरोप करता येत नाही.

सामग्री मात्र बदलली आहे. वॉटरप्रूफ बूट पहिल्या ओढ्यापर्यंत पाणी आत येऊ देत नाही आणि त्यानंतर बाहेर जाऊ देत नाही. महागडा रेनकोट बाहेरून पावसाने भिजतो, आतून घामाने. मसाई पठारावर निसर्गाचे फोटो काढायला आलेल्यांना धुक्यात पुढच्याची सॅक तेवढी दिसते. स्वागताला जळवा असतात, त्या नोंदणीची पावती विचारत नाहीत.

सिद्दीने त्या पावसाळ्यातही वेढा उठवला नाही. सैन्यासाठी छपरे उभारली. म्हणजे तंबूची सोय तेव्हाही होती, फक्त शत्रूकडे.

बांदल मावळ्यांनी ही वाट रात्रीच्या अंधारात, महाराजांची पालखी खांद्यावर घेऊन, पाठलाग होत असताना तुडवली. हल्लीची मोहीम ती बहुधा दोन दिवसांत उरकते. वाटेतल्या वाडीत मुक्काम, गरम भात-आमटी, जड सामान टेम्पोत.

पावनखिंडीत, पाठलाग रोखताना इथे पडलेल्या बाजीप्रभूंना मुजरा होतो, घोषणा होतात. मग पहिली चौकशी रेंजची, दुसरी बसची. आणि महाराजांना गाठायचा होता तो विशाळगड? तो उरलाच, पण तिथवर गाडी जाते.