पर्सेंटाईल आप्पा

अमळनेरात विप्रोचे शेअर नसलेलं घर एकवेळ सापडेल, पण मॉक टेस्टच्या निकालावर मत नसलेला माणूस सापडायचा नाही. या सगळ्यांचे मेरुमणी म्हणजे आमचे आप्पा.

१९४५ साली इथं वनस्पती तुपाची जी कंपनी निघाली, तिचे थोडे शेअर आप्पांच्या वडिलांकडे होते. थोरल्या लेकीच्या लग्नात त्यांनी ते विकले. पुढे त्याच कंपनीची विप्रो झाली आणि ज्यांनी कागद जपले ते बसल्या जागी मालदार झाले. तेव्हापासून गल्लीतलं एकही पोर घाईघाईत स्वस्तात जाऊ द्यायचं नाही, असा आप्पांचा पण आहे.

क्लासच्या सराव सीईटीचा निकाल लागला की संध्याकाळी आप्पा दारात. “किती पडनात रे भो?” मोबाईल हातभर लांब धरतात, दोन बोटांनी पीडीएफ ताणतात आणि नाव सापडलं की कानामागची पेन्सिल काढून निळ्या वहीत आकडा टिपतात. मागचा आकडा, आताचा आकडा, मध्ये बाण. बाण खाली गेला तर म्हणतात, “करेक्शन शे, घाबरू नको.”

परवा शेजारी ९५ पर्सेंटाईलचे पेढे वाटले. क्लासमध्ये पोरं ४०, म्हणजे स्वारी तिसरी आली, एवढंच. आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण पडलेले शंभरात किती, तो आकडा म्हणजे पर्सेंटाईल. त्यामुळे पहिल्या येणाऱ्याचे १०० ठरलेलेच, मग २०० पैकी ६० गुण का पडेनात! हे आप्पांना समजावलं, तर म्हणाले, “पण शंभर ते शंभरच ना?”

खरी सीईटी अनेक सत्रांत होते, म्हणून पर्सेंटाईल सत्रागणिक काढतात. क्लासची परीक्षा एका हॉलात, एका रविवारी. तरी आप्पांचं निदान ठरलेलं, “शिफ्ट कडक व्हती.” उणे गुण नसलेल्या या परीक्षेत डोळे मिटून दीडशेच्या दीडशे प्रश्नांवर टिचक्या मारल्या, तरी सरासरीनं ५० गुण पडतात, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. कारण वहीत पन्नाशीच्या आसपासची पोरं बरीच आहेत आणि प्रत्येकापुढे आप्पांनी ‘होल्ड’ लिहिलंय.

एक मुलगी मात्र हट्टाला पेटली होती. “आप्पा, माझे इंटिग्रेशनचे सगळेच चुकलेत. गणिताला एकेका प्रश्नाला दोन गुण असतात.”

“ते ऱ्हाऊ दे वं माय,” म्हणत आप्पांनी खिशातून पुण्याच्या सीओईपीचा गेल्या वर्षीचा कटऑफ काढला. इंटिग्रेशन राहिलं ते राहिलंच.

तेव्हा पालकहो, निकाल लागला की चुकलेल्या प्रश्नांचा कागद तेवढा मागून घ्या आणि मागच्या गल्लीनं घर गाठा. स्टेशन रोडला आप्पा उभे असतात.