अकरा डॉलरचं रणकंदन

ऑक्टोबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्या वर्षाचा अंदाज जाहीर केला. दरडोई जीडीपी बांगलादेशाचा १,८८८ डॉलर, भारताचा १,८७७. फरक अकरा डॉलरचा. तेवढ्यावरून आपल्याकडे रणकंदन माजलं.

विरोधक म्हणाले, बांगलादेशही पुढे गेला. सरकारच्या बाजूने उत्तर आलं, क्रयशक्तीच्या, म्हणजे स्थानिक किमती धरून केलेल्या, हिशेबात आपणच पुढे. गणित दोघांचंही बरोबर होतं.

मग भांडण कशाचं?

डॉलरमधल्या आकड्यात देशाच्या कमाईबरोबर चलनाचा भावही मिसळलेला असतो. २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला ८६ बांगलादेशी टका पडत होते, वर्षअखेर शंभराच्या वर. ढाक्याजवळच्या गाझीपूरच्या कपडे कारखान्यातल्या बाईने म्हणून त्या वर्षी एक शर्ट तरी कमी शिवला का?

कोविडच्या एका वर्षावरून निकाल लावणंही तितकंच पोरकट. नाणेनिधीच्या त्याच अहवालात भारताची अर्थव्यवस्था १०.३ टक्के आकसणार, असं भाकीत होतं. पण लांब पल्ल्याचं काय? २००७ च्या सुमारास बांगलादेशाचा दरडोई जीडीपी आपल्या जवळपास निम्मा होता. बारा-तेरा वर्षांत तो बरोबरीला आला.

हे जमलं कसं, एवढंच कुणी विचारलं नाही.

उत्तर ढाक्याच्या आसपास शिलाई मशिनवर बसलं आहे. बांगलादेशाच्या निर्यातीत चार-पंचमांशाहून जास्त वाटा तयार कपड्यांचा, आणि ते शिवणाऱ्यांत बहुसंख्य बायका. २०१६-१७ मध्ये तिथल्या ३६ टक्के बायका कामात किंवा कामाच्या शोधात होत्या. वर्षभराने आपला आकडा होता २३.३. उरलेल्या बायका काय आराम करत होत्या?

पुढे आपला आकडा ४१.७ वर गेला, असं २०२३-२४ ची सरकारी पाहणी सांगते. छान. पण या वाढीत मोठा वाटा शेतात आणि घरच्या धंद्यात राबणाऱ्यांचा आहे, आणि त्यातल्या कितीतरी जणींना दमडीही मिळत नाही. बिनपगारी राबण्याला रोजगार म्हणायचं, तर आपल्या आज्या जन्मभर नोकरीतच होत्या.

अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी २०१३ मध्येच बजावलं होतं: उत्पन्न आपल्या निम्मं असूनही बांगलादेश आयुर्मानात आणि बालमृत्यू रोखण्यात आपल्या पुढे गेला आहे. तेव्हा रणकंदन झालं नाही. मुलं जगली, यात डॉलर कुठे होते?

तर मग बांगलादेशाची आरती ओवाळायची? मुळीच नाही. २०१३ मध्येच तिथली कपडे कारखान्यांची राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून जास्त माणसं ढिगाऱ्याखाली मेली. त्या वर्षीही दरडोई उत्पन्न वाढलंच.

कपडे कामगारांनी २०२३ मध्ये २३ हजार टका किमान वेतन मागितलं. मिळाले साडेबारा हजार, म्हणजे तेव्हाचे महिना ११३ डॉलर. देशाच्या दरडोई उत्पन्नाची महिन्याची सरासरी त्याच्या जवळपास दुप्पट होती. जिच्या हातांनी सरासरी वर नेली, तीच सरासरीच्या खाली.

आकड्यांवरही डोळे झाकून विसंबू नये. २०२४ मध्ये बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेने निर्यातीचे फुगलेले आकडे अब्जावधी डॉलरनी खाली आणले. आणि आपली सरासरी तरी कुणाची? गोव्याचं दरडोई उत्पन्न बिहारच्या आठपटींहून जास्त आहे. दोघांची बेरीज करून भागलं, की जो भारतीय निघतो तो ना पणजीत सापडतो, ना पाटण्यात.

शेजाऱ्याशी तुलना जरूर करावी, शिकण्यासाठी. हिणवण्यासाठी केली, तर दोन्हीकडचे पुढारी खूश होतात आणि दोन्हीकडची कामगार बाई तिथेच राहते.

पुढचा अहवाल येईल, पुन्हा कुणी पुढे, कुणी मागे. तेव्हा आपल्या खासदाराला एकच विचारा: गेल्या वर्षभरात मतदारसंघातल्या किती बायकांच्या हातात स्वतःचा पगार पडू लागला, आणि तो किती?