दोन टक्क्यांची काटकसर

अग्निशमन दल हे कुठल्याही महापालिकेतलं सर्वांत गैरसोयीचं खातं. रस्ता झाला की फीत कापता येते, उद्यान झालं की फलक लावता येतो. न लागलेल्या आगीचं उद्घाटन कसं करणार? जवान ठाण्यात बसून आहेत, याचा अर्थ शहर सुखरूप आहे. पण हिशेब तपासणाऱ्याला तिथे बसून पगार घेणारी माणसंच दिसतात. त्यामुळे तूट आली की कात्रीला या खात्याचा रस्ता तोंडपाठ असतो.

लॉस एंजेलिस नगरीने २०२४-२५ च्या अंदाजपत्रकात हेच शहाणपण दाखवलं. आदल्या वर्षाच्या मानाने दलाची तरतूद १ कोटी ७६ लाख डॉलरने खाली आली. सुमारे ८२ कोटींच्या खात्यात ही रक्कम जेमतेम दोन टक्के. दोन टक्क्यांनी कोणाचं काय जळतं?

दलाच्या प्रमुख क्रिस्टिन क्राउली यांना मात्र हा हिशेब पटेना. ४ डिसेंबर २०२४ रोजी त्यांनी लेखी कळवलं की जादा पाळीच्या पैशांतले ७० लाख कापल्याने वणव्यासारख्या मोठ्या संकटासाठी तयारी करण्याची, सराव करण्याची आणि धावून जाण्याची दलाची ताकद फार कमी झाली आहे. अशा पत्रांचं जे होतं तेच या पत्राचं झालं. उत्तर आलं ते ७ जानेवारी २०२५ ला, शहरातल्या पॅलिसेड्स भागाच्या डोंगरावरून, वणव्याच्या रूपात.

तोवर हवामान खात्याने भयंकर वाऱ्याचे इशारे दिले होते. पण महापौर कॅरन बास त्या दिवशी घानात होत्या, तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं आपण म्हणतो. इथे बंब तरी शहरातच होते. त्यांतले शंभराहून अधिक दुरुस्तीच्या आवारात उभे होते, कारण मेकॅनिक पुरेसे नव्हते. परतल्यावर विमानतळावर एका पत्रकाराने महापौरांना प्रश्नांमागून प्रश्न विचारले. त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. शब्दांचीही काटकसर.

पाण्याच्या बाबतीतही शिस्त कडक होती. डोंगरावरचा सांता इनेझ जलाशय ११ कोटी ७० लाख गॅलनचा. त्याचं आच्छादन फाटलं होतं, म्हणून तो जवळजवळ वर्षभर रिकामा होता. दुरुस्ती करायची तर निविदा काढाव्या लागतात आणि निविदांना आगीची घाई नसते. उरलेल्या तीन टाक्या दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत आटल्या आणि वरच्या भागातले नळखांब कोरडे पडले. जलाशय भरलेला असता तरी सगळी घरं वाचली नसती, असं तज्ज्ञांनी सांगितलं. ते बरोबरच असेल. पण मग भरलेल्या आणि रिकाम्या जलाशयात फरक नाही, असं समजून शहरं चालवायची का?

सरकार कमी पडलं तरी बाजार कमी पडत नाही, हेही याच आगीत सिद्ध झालं. २०२२ मध्ये बास यांच्याकडून निवडणूक हरलेले बिल्डर रिक करूसो यांनी आपल्या मॉलसाठी खासगी अग्निशामक आणि पाण्याचे टँकर मागवले. मॉल वाचला. दुसरीकडे कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांतले शेकडो कैदी दिवसाला सुमारे ६ ते १० डॉलर मूळ मजुरीवर वणव्यांशी झुंजत होते. श्रीमंताला भाड्याचा बंब, सरकारला स्वस्तातला कैदी. मधल्यांनी गाडीत बसून निघून जावं. पण वाहतूक इतकी तुंबली की गाड्या रस्त्यातच सोडून लोक पायी पळाले. एकट्या पॅलिसेड्सच्या आगीत १२ माणसं गेली आणि ६,८०० हून अधिक बांधकामं नष्ट झाली.

यानंतर कपातीवर चर्चा झाली आणि कपात झालीच नव्हती असं निष्पन्न झालं. महापौरांचं म्हणणं असं, की नोव्हेंबरात पगारवाढीचा करार झाला, त्याचा पैसा वेगळ्या खात्यातून आला आणि एकूण खर्च वाढलाच. हेही खरंच आहे. कपात झाली म्हणणारा बरोबर आणि वाढ झाली म्हणणाराही बरोबर, असं अंदाजपत्रक बनवायला मोठी प्रतिभा लागते. आवारात उभ्या असलेल्या बंबांना मात्र यातलं काहीच कळलं नाही. ते उभेच राहिले.

कोणीतरी जबाबदार असायलाच हवं होतं. जी बाई लेखी सांगत होती तीच सापडली. २१ फेब्रुवारीला क्राउली यांना पदावरून काढलं. महापौरांनी दिलेल्या कारणांत एक असं, की आगीच्या दिवशी सकाळी हजार जवान कामावर ठेवता आले असते, त्यांना घरी जाऊ दिलं. जादा पाळीचा पैसा आधी कापायचा आणि मग जादा पाळी का लावली नाही म्हणून घरी बसवायचं! जवानांना थांबवलं असतं तरी त्यांना द्यायला चालू स्थितीतल्या गाड्या नव्हत्या, असं क्राउली यांनी नगर परिषदेला सांगितलं. परिषदेने त्यांचं अपील १३ विरुद्ध २ मतांनी फेटाळलं.

मग आली उपरती. २१ एप्रिल २०२५ रोजी महापौरांनी नवं अंदाजपत्रक मांडलं. तूट जवळपास एक अब्ज डॉलरची, १,६४७ कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्याचा प्रस्ताव, पण अग्निशमन दलाला २२७ नवी पदं. कात्री प्रथमच या खात्याच्या दारावरून मागे फिरली. मे महिन्यात नगर परिषद बसली. इतरांच्या नोकऱ्या वाचवायच्या होत्या, पैसा तेवढाच होता. २२७ ची ५८ झाली.

आगीनंतर जो मंजूर होतो तो निधी नव्हे, दुखवटा असतो. तो किती दिवस पाळायचा हे लॉस एंजेलिसने ठरवून दिलं आहे. एप्रिल ते मे.