पातळ आमटीचं अर्थशास्त्र

महागाईवर अर्थमंत्री काय करतात ते बजेटच्या दिवशी टीव्हीवर दिसतं. घरातली बाई काय करते ते ताटात दिसतं. आमटी पातळ होते. वाटीच्या तळाशी डाळ शोधत चमचा फिरायला लागला की समजावं, तूरडाळ पुन्हा चढली.

रहिमतपूरच्या आमच्या आत्तीकडे या पातळपणाची अख्खी उतरंड आहे. सगळ्यात वर वाघ्या घेवड्याची आमटी. हा आमच्या कोरेगाव तालुक्याचा घेवडा, अंगावर पट्टे, आणि भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून जरा भाव खाणारा. त्याखाली मुगाचं कढण. मग कटाची आमटी, म्हणजे पुरणाची डाळ शिजवून वर उरलेलं पाणी. सणाच्या दिवशीही काही वाया जाऊ द्यायचं नाही, हा हट्ट! आणि सगळ्यात खाली हुलग्याचं माडगं.

हुलगे खमंग भाजायचे, भरडून टरफलं पाखडायची आणि पीठ करून ठेवायचं. पातेल्यात तेलाचा थेंब, जिरं, ठेचलेला लसूण, थोडं तिखट. पाणी उकळलं की गार पाण्यात कालवलेलं पीठ धार धरून सोडायचं आणि पळी थांबवायची नाही. थांबली की गुठळी. पाच मिनिटांत ते रटरटायला लागतं आणि भाजलेल्या हुलग्याचा वास ओसरीपर्यंत येतो. मूठभर पिठात चौघांचं भागतं. पावसाळ्यात सर्दी झाली तर हेच गूळ-सुंठ घालून. लहानपणी मी नाक मुरडलं की आत्ती म्हणायची, “बैलं रोज हुलगं खात्यात, त्यांनी कधी तक्रार केली न्हाई.”

पातळ खाण्याला शास्त्राचा आधार देणारा एक गृहस्थ युरोपात होऊन गेला, काउंट रम्फर्ड. १७९० च्या दशकात म्युनिकमधल्या गरिबांसाठी त्याने जव, वाटाणे आणि व्हिनेगर यांचं स्वस्त सूप रांधलं. पुढं त्याचं असंही मत झालं की पाण्यातच पोषण असतं, फक्त ते नीट शिजवलं पाहिजे. आपल्याकडच्या कैक खानावळी आजही याच सिद्धांतावर चालतात. १८७७ च्या दुष्काळात इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी तर पातेल्याचीही दगदग ठेवली नाही. सरकारी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक रत्तल धान्य आणि एक आणा पुरे, असं त्यांनी ठरवलं. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी त्यावर काम सोडून दिलं. रम्फर्ड निदान शिजवत तरी होता.

आत्तीचा दुष्काळ १९७२ चा. नवी नवरी होती, आणि खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी. एकदा मी मोठ्या भक्तिभावाने विचारलं, “आत्ती, तेव्हा तुम्ही माडग्यावरच दिवस काढले असतील ना?”

“हुलगं कुठलं आलं? हुलगं पिकायलाबी पाऊस लागतो. काटकसर करायला घरात कायतरी असावं लागतं बाबा.”

हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. माडगं हे दुष्काळाचं जेवण नव्हेच. बेताच्या वर्षांचं आहे. खरा दुष्काळ पडला तेव्हा लोकांनी मिलोच्या न फुगणाऱ्या भाकरी खाल्ल्या, आणि त्यांची पाककृती कुणी जपून ठेवलेली नाही.

तरीही मागे डाळीचा भाव बघून आमच्या पुण्याच्या घरी ठराव झाला, आठवडाभर रात्री फक्त माडगं. हुलग्याचं पीठ मागवलं तर ते छान पिशवीतून आलं आणि तूरडाळीपेक्षा महाग निघालं. नुसतं कसं प्यायचं म्हणून वर तूप आलं, मग कोथिंबीर, मग भाजलेला पापड. साडेदहाला फडताळ उघडल्याचा आवाज यायचा. पहिल्या दोन रात्रींत सांगलीच्या भडंगाची पिशवी संपली.

आत्तीला फोन करून हा हिशेब सांगितला.

“माडग्याबरोबर भाकरी न्हवती व्हय?”

“नाही, सूप म्हणून नुसतंच घेतो आम्ही.”

पलीकडे जरा वेळ काही आवाज नाही.

“बरं,” आत्ती म्हणाली, “भडंगात कांदा तरी घातलासा का?”