सहा हजारांचं गुपित

सरपंचांचं मानधन सप्टेंबर 2024 मध्ये दुप्पट झालं. दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला महिना 6,000 रुपये, आठ हजारांवर असली तर 10,000. आता गेवराई तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीनं हा आकडा दारावर ठळक रंगवावाच. झाकायचं काय त्यात? तेवढ्यात दारातल्या गाडीचं डिझेल भागत नाही, हे पारावरच्या आज्यालाही कळतं. पाच वर्षांचे होतात 3 लाख 60 हजार. इथं प्रचारातल्या मटणाचाच हिशेब त्यापुढं जातो. नाशिकच्या उमराण्यात तर सरपंचपदाची बोली दोन कोटींवर गेली. जानेवारी 2021 मध्ये निवडणूक आयोगानं ती निवडणूकच रद्द केली. बिचाऱ्यांची समाजसेवा हुकली! मानधन जाहीर करा हो, खुशाल. गोदाकाठचा माणूस वाळूच्या हायवा मोजत बसलाय.