भिंत सरळ असते, ही अफवा

पंख्याचा कपॅसिटर बदलला आणि गळका नळ थांबवला, की हौशी गृहस्थाची नजर खिडकीकडे वळते. जुनी लोखंडी चौकट गंजलेली असतेच. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या नव्या सरकत्या खिडकीचा फॅब्रिकेटरने सांगितलेला दर ऐकून तो उसळतो, "चार स्क्रू तर मारायचेत!"

आणि टेप काढतो.

माप तो एकदाच घेतो, तेही मधोमध. गिलावा मात्र हातानं थापलेला असतो. तेच ओपनिंग वरच्या बाजूला चार फूट भरतं, मध्ये एक सूत कमी आणि खाली दोन सूत जास्त. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, जेमतेम ३ मिलिमीटर. पण अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला तेवढीही माया नसते. म्हणून जाणता कारागीर रुंदी तीन ठिकाणी मोजतो, उंचीही तीन ठिकाणी, आणि सर्वांत लहान मापातून आणखी थोडं वजा करतो. मग दोन्ही कर्ण. ते सारखे भरले नाहीत, तर चौकट काटकोनात नाही. (दहावीला भूमितीत पैकीच्या पैकी मिळवलेले लोकही हे इथे विसरतात.)

चौकट उभी राहते.

"अहो, उजवीकडे झुकलीय."

"तुझी मान झुकलीय."

पाणसळीतला बुडबुडा बायकोच्या बाजूने कौल देतो. त्यावर उपाय म्हणून गृहस्थ स्क्रू आणखी आवळतो. चौकटीला पोक येतं आणि सरकतं दार अर्ध्यात अडतं. ते उचलून परत काढायचं, तर चार बाय चार फुटांच्या खिडकीला ५ मिलिमीटरची काच म्हटली, की दोन्ही दारांची मिळून नुसती काचच सुमारे १८ किलो.

उरलेल्या फटींसाठी सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास मारणारी ट्यूब स्वस्त मिळते. पण तिच्यातून सुटणारं आम्ल धातूला गंजवतं आणि सिमेंटवर ती नीट चिकटत नाही. इथे न्यूट्रल सिलिकॉन लागतं. खरा घात मात्र नीटनेटकेपणाच करतो. खालच्या ट्रॅकला बारीक भोकं दिसतात, तीही तो मनापासून बुजवून टाकतो. ती पाणी बाहेर जायला ठेवलेली असतात! जुलैत वाऱ्याबरोबर आडवी झड येते, ट्रॅक काठोकाठ भरतो आणि पाणी थेट सोफ्यावर उतरतं.

तळमजल्यावरच्या न्हाणीघराची छोटी खिडकी खुशाल स्वतः बसवा. वरच्या मजल्यांसाठी मात्र फॅब्रिकेटरलाच बोलवा, आणि तेही मेमध्येच. जून लागला की तो फोन उचलत नाही.